युसूफनं दिलेला होकार

युसूफ गेल्याचं मला नातवानं सांगितलं, इंग्रजीत. "दादी, युसूफ अंकल इज नो मोर." मी तांदूळ निवडत होते. ताट संपेपर्यंत निवडत राहिले. माझा धाकटा भाऊ तो. आता चाळीस दिवस होऊन गेले. येणारे सगळे म्हणतात, मोठा शांत माणूस होता. तो तसा जन्मला नव्हता. तो शांत कशानं झाला ते मला माहीत आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तरी जमेल तसं लिहिते.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही रत्नागिरीकडचे, दुबईत देऱ्याला खाडीजवळ राहायचो. तेलाच्या कामावरच्या एका अमेरिकन साहेबाच्या ओळखीनं युसूफ अमेरिकेत शिकायला गेला. आधी तिथल्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं, मग युनिव्हर्सिटीत उरलेली दोन, अशी तिकडची रीत. विषय मानसशास्त्र, म्हणजे माणसाच्या मनाचा. मी शेजारणींना सांगून टाकलं, माझा भाऊ मनाचा डॉक्टर होतोय. पहिली दोन वर्षं संपवून तो सुट्टीला आला, तेव्हा अख्खा मोहल्ला त्याला डॉक्टर म्हणायला लागला होता. तो हसायचा. "आपा, मला अजून नुसतं ऐकायला शिकवलंय. बोलायचं पुढे शिकवतील."

शेजारी कुलसुम राहायची. तिचा नवरा हसन लाँचवर तांडेल होता, म्हणजे लाँच चालवणारा. त्याची लाँच वादळात गेली, दुसऱ्या लाँचवाल्यांनी तिच्या फळ्या तरंगताना पाहिल्या, सगळ्यांनी फातिहा पढला. कुलसुम मात्र मानेना. विधवेनं बसायच्या इद्दतीला बसायला तयार नाही, बांगड्या उतरवायला तयार नाही. रोज हसनचे सदरे धुऊन वाळत घालायची. बायका मला म्हणाल्या, तुझ्या डॉक्टरला सांग. युसूफ नको म्हणाला. "ती वाट बघतेय, बघू दे. घाई कुणाला आहे?" मीच चिडले. "मग शिकलास कशाला? तिचे भाऊ तिला गावी न्यायला आलेत. यल्ला, ऊठ."

तो गेला. मी दारातच उभी होते. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग कुलसुमनं विचारलं, "भाई, तू शिकलेला आहेस. तुला नक्की माहीत आहे का, तो गेला?" युसूफनं माझ्याकडे पाहिलं. मी 'हो म्हण' अशी मान हलवली. तो म्हणाला, "हो."

तिनं तिथेच बांगड्या उतरवल्या. चार महिने दहा दिवस इद्दतीत बसली, मग भावांनी गावी नेऊन एका बिजवराशी तिचा निकाह लावला. युसूफ परत गेला आणि युनिव्हर्सिटीत दाखल झाला. दीड वर्षानं हसन आला. एका जहाजानं त्याला बुडताना उचलून आफ्रिकेच्या बंदरात उतरवलं होतं, तिथे तो तापानं पडून होता, मग परतीचं भाडं जमेपर्यंत अडकला. मी युसूफला कळवलं नाही. परीक्षा जवळ होती. ते मी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटलं.

युसूफ पदवी घेऊन आला त्याच आठवड्यात हसन आमच्या घरी आला. आम्हाला वाटलं, भांडेल. त्यानं चहा घेतला आणि एकच विचारलं, "ती रडली का?"

युसूफ म्हणाला, "नाही. तिनं मला विचारलं फक्त."

"बरं," हसन म्हणाला आणि गेला. पुढे तो लाँचवर कधी चढला नाही. बंदरावर बसलेला दिसायचा. युसूफ तो रस्ता टाळायचा.

पदवीचा कागद युसूफनं कुणाला दाखवला नाही. पस्तीस वर्षं एका शिपिंग ऑफिसात जहाजांच्या याद्या टाइप केल्या. 'नक्की' हा शब्द त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. काहीही विचारा, तो उठून खिडकीपाशी जायचा. बाहेर ऊन आहे का विचारलं तरी स्वतः बघून सांगायचा. मुलं त्याची नक्कल करायची. मला हसू येत नसे.

माझ्यावर त्यानं कधी ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं. यंदा रमजानच्या आधी मीच विचारलं, "युसूफ, चूक माझी होती ना?" तो काठी टेकत उठला, खिडकीपाशी गेला, खालचा रस्ता बघत राहिला. मग म्हणाला, "बघून सांगतो, आपा."

ते सांगायचं राहिलं. आता त्याच्या खोलीत गेले की मी त्या खिडकीपाशी उभी राहते. खाली गाड्या जातात.