नव्या नवरीची ट्यूब

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी माझ्या हातात एक ट्यूब ठेवली. "रोज आतून लावत जाय," त्या म्हणाल्या, "नव्या नवरीले लागते." मी भिवापूरची, मिरची खुडण्यात वाढलेली. नागपुरातल्या सुनांना असलं काही लागत असेल, असं मला वाटलं.

ट्यूब भासऱ्यांच्या दुकानातली होती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नागपूरला लागूनच्या वाडी गावात त्यांचं औषधांचं दुकान. आमच्यात भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचंही नाही; जे काही असेल ते जावेमार्फत. त्यामुळे ट्यूब कशाची हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनाही सांगावं लागलं नाही. रीत कोणाच्या सोयीची असते, ते मला फार उशिरा कळलं.

नवरा ट्रकवर असायचा. एक ट्यूब संपली की दुसरी यायची. जळजळ व्हायची, तर जाऊबाई म्हणायच्या, सुरुवातीला होतेच. पहिल्याच वर्षी दिवस गेले. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मला लगेच गोळ्या सुरू झाल्या म्हणून मुलगी धडधाकट जन्मली. नवरा मात्र गोळ्या टाळत राहिला आणि दोन वर्षांत गेला. तेराव्याला सासूबाईंनी चारचौघांत सांगितलं की ही बाहेरून रोग घेऊन आली आणि माझ्या पोराला खाल्लं. भासरे शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि चहा घेतला.

पुढे नवऱ्याची बॅग आवरताना त्याच्या उपचाराचं पुस्तक सापडलं. पहिली नोंद आमच्या लग्नाच्या आठ महिने आधीची होती. सोबत आलेला नातेवाईक म्हणून खाली भासऱ्यांची सही. मी रडले नाही. माझा राग सावकाश शिजतो, पण करपत नाही.

मी मुलीला घेऊन वाडीत भाड्याच्या खोलीत राहायला गेले आणि ट्रकवाल्यांच्या बायकांना या रोगाची माहिती देणाऱ्या एका संस्थेत लागले. तिथल्या प्रशिक्षणात मायक्रोबिसाइड हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बाईने स्वतः लावायचं, विषाणूला आतच अडवणारं औषध. नवऱ्याची परवानगी नको, त्याला पत्ताही लागायला नको. मी पुढे सरकून बसले. पण शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या की बरीचशी जेल तपासणीत टिकली नाहीत, आत बसवायची एक रिंग आफ्रिकेतल्या काही देशांत मिळते, आणि आपल्याकडच्या दुकानात यातलं काहीच मिळत नाही. मी त्यांना माझ्या ट्यूबचं नाव सांगितलं. ती मूल होऊ नये म्हणून लावायची जेली निघाली, आणि तेही काम तिने धड केलं नव्हतं. विषाणू तिला जुमानत नाही. उलट रोज लावली तर आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि त्याला आयती वाट मिळते.

म्हणजे भासऱ्यांना सगळं माहीत होतं. मला वाचवण्यासाठी एक वाक्य पुरलं असतं, त्याऐवजी त्यांनी फळीवरची ट्यूब काढून दिली.

बायकांच्या बैठकीची जागा मीच ठरवली. भासऱ्यांच्या दुकानासमोरच्या गोडाऊनचा ओटा. रोगापासून वाचवते असं सांगून ते तीच ट्यूब अजून विकत होते. दर बुधवारी मी ती हातात धरून, दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात, ती काय करत नाही ते सांगायची. बायकांनी ट्यूब घेणं सोडलं, मग तापाच्या गोळ्यांनाही त्या पुढच्या दुकानात जाऊ लागल्या. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

सहा महिन्यांनी भासरे स्वतः ओट्यापर्यंत आले. पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "काहून माह्या पोटावर पाय देऊन राहिली वं?"

मी उघड्या डोक्याने त्यांच्याकडे बघितलं. "तुमाले लग्नाआधी माहीत होतं, हे तुमच्या आईसमोर बोला. मंग मी दुसऱ्या जागी बसीन."

मला एवढंच हवं होतं. ज्या तोंडाने सासूबाईंनी मी बाहेरून रोग आणला म्हटलं, त्या तोंडाने त्यांनी माझी माफी मागावी.

त्या रविवारी सक्करदऱ्याला सासरच्या घरी भासरे आईसमोर बसले आणि अडखळत सगळं बोलले. मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पडायची वाट बघत होते. त्या मेथी निवडत होत्या, आणि हात थांबला नाही.

"मले काय सांगून राहिला गा," त्या म्हणाल्या. "पोरगी पाहाले गेलो तवाच मले ठावं होतं. ट्यूब मीच द्याले लावली." मग माझ्याकडे वळल्या. "तेवढं तरी केलं तुयासाठी."

मी चप्पल घालून निघाले. भासरे मागून फाटकापर्यंत आले आणि जागा कधी बदलशील म्हणून विचारू लागले. मी फाटक ओढून घेतलं.

बुधवारी मी त्याच ओट्यावर बसले. दिलेला शब्द मोडला याचं मला काहीही वाटलं नाही. तोवर मी बायकांना फक्त ट्यूबचं नाव सांगत असे. त्या दिवशी आधी माझं नाव सांगितलं, माझ्या रक्तात काय आहे ते सांगितलं, आणि मग समोरच्या दुकानाकडे बोट करून लग्नाआधीच ज्यांना ठाऊक होतं त्या घरातल्या एकेकाचं नाव घेतलं.