प्रेमाचा पियानो आणि माझा सल्ला

खर्डीच्या मागच्या पाड्यावर प्रेमाच्या घरात पियानो आहे. हे ऐकून हसणारा माणूस मला चालत नाही. पाड्याच्या दाखल्यांसाठी गेलो होतो त्या कचेरीत एकजण हसला, तर मी तिथंच विचारलं, "का रे बाबा, पियानोलापण जातीचा दाखला लागतो?"

प्रेमा अठरा वर्षं वाशिंदला ग्रेसी टीचरकडे घरकाम करायची. टीचर मुलांना पियानो शिकवत, प्रेमा तो पुसायची. एकेक पट्टी दाबून, रोज. वाजवायला शिकली नाही, पण प्रत्येक पट्टीचा आवाज तिला आपल्या शेळ्यांच्या आवाजासारखा ठाऊक. टीचर थकल्या, वसईला बहिणीकडे राहायला निघाल्या, आणि जाताना म्हणाल्या, "पियानो प्रेमाला."

त्यांचा भाचा नेल्सन तापला. त्याला तो मुरबाडकडच्या आपल्या रिसॉर्टमध्ये हवा होता. "पाड्यावर एका पावसात सडेल!" शेवटी टीचरनीच तोड काढली. पाऊस संपला की तारा जुळवणारा ट्यूनर जाऊन बघेल. पियानो धड असला तर प्रेमाचा, नाहीतर नेल्सनचा.

बारा माणसांनी पियानो बांबूंवर घालून रस्त्यावरून वर चढवला. प्रेमाचा नवरा भगीरथ पुढून ओरडत होता, "हळू रे! नवरी आणताना पन येवढं जपलं नवतं!"

"म्हायती हाय मला," मागून प्रेमा म्हणाली.

तिने तो चुलीपासून लांब, आतल्या भिंतीला, सपाट दगडांवर उभा केला. पोटात बल्ब लावला. टीचर पावसाळ्यात तेच करायच्या, उबेने आत ओल धरत नाही. पण टीचरकडे इन्व्हर्टर होता. आमच्याकडे लाईट गेली की चार-चार दिवस येत नाही. तेव्हा सल्ला दिला तो मी. मिठात ओल ओढायला तांदूळ टाकतात ना?

"तांदूळ भाज, पुरचुंड्या कर आणि आत ठेव."

"दादा, तांदूळ?"

"शास्त्र आहे!" मी म्हणालो. मी रस्त्यावर आणि रद्दीतल्या पुस्तकांत शिकलेला माणूस. कोणी उलटून विचारलं की माझं डोकं फिरतं.

पाचव्या दिवशी उंदीर आला. त्याने तांदूळ खाल्ला तो खाल्ला, वर तीन हातोड्यांची लोकर कुरतडून घरटं बांधलं. पट्टी दाबली की आतली लाकडी हातोडी तारेवर बसते. लोकर गेली की नुसतं लाकूड. प्रेमाने मला बोलावून त्या तीन पट्ट्या दाबल्या. खट्. खट्. खट्.

"शास्त्र वाजतंय, दादा."

मी मान खाली घातली. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

मग तिने माझं काही ऐकलं नाही. तांदूळ काढून कोळशाच्या पिशव्या ठेवल्या, त्या रोज चुलीजवळ सुकवायची. कीड लागू नये म्हणून निर्गुडीचा पाला ठेवला. शेजारच्या धोंडूबाईची मांजर आणली. आणि भगीरथच्या घोंगडीचा कोपरा कापून, झाडाच्या डिंकाने तिन्ही हातोड्यांवर चिकटवला.

"माजी घोंगडी!" भगीरथ बोंबलला.

"तुला थंडी वाजली तर हाक मार. त्याला हाक मारता येत नाय."

दिवाळीच्या तोंडावर नेल्सन आला. ट्यूनर परेरांना घेऊन आला, आणि खाली रस्त्यावर रिकामा टेम्पो उभा! काय ती खात्री! सगळा पाडा दारात जमला. परेरांनी झाकण उघडून बॅटरी मारली. "एवढ्या बिनगंजाच्या तारा मला समुद्राजवळच्या घरांत बघायला मिळत नाहीत," म्हणाले. मग एकेक पट्टी वाजवत वर गेले. त्या तिघींवर थांबले. आवाज जाड, दबलेला.

"हे काय?"

"बघा! बिघडवला!" नेल्सन म्हणाला.

मी बाह्या सरसावून उठलो. प्रेमाने हातानेच मला बसवलं. "उंदराने खाल्लं, साहेब. घोंगडी लावलीय. चूक माजी."

बसवेना मला. "तिची नाही," मी म्हणालो, "तांदूळ ठेवायला मीच सांगितलं होतं." सगळ्या पाड्यासमोर. भगीरथने तर टाळी दिली कोणाला तरी.

परेरांनी घोंगडी बोटाने चाचपली, आवाज मोकळा व्हावा म्हणून सुईने थोडी टोचली, पट्टी पुन्हा वाजवली. मग तारा जुळवायला बसले. तासाभराने ते हत्यारं आवरत असताना प्रेमा हळूच म्हणाली, "साहेब, मदली येक अजून खाली बोलते." त्यांनी तपासली. किल्लीला जरासा पीळ दिला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"नेल्सन, पियानो धड आहे," ते म्हणाले. "तीन हातोड्यांची लोकर मी मुंबईहून पाठवतो. तोवर घोंगडी राहू दे. टेम्पो परत पाठव."

पाड्याने असा ओरडा केला की मांजर पळाली. टेम्पो रिकामा कशाला जाईल? बायका खाली उतरून त्यात चढल्या आणि खर्डीच्या बाजाराला निघाल्या, दिवाळीचं सामान आणायला. धोंडूबाई पुढे, ड्रायव्हरशेजारी.

नेल्सन मात्र गेला नाही. दाराशी चपला काढून आत आला. मग म्हणाला, लहानपणी मावशीने शिकवलेलं एक आठवतंय, वाजवू का?

"वाजवा की," प्रेमा म्हणाली. "पन आदी हात धुवून या. आणि नीट पुसा."