मालकांकडचा माणूस

सौदीत अंगभर घालायचे तो जुना अबाया कपाटातून काढला की उदाचा वास येतो आणि तो दिवस आठवतो. जेद्द्याच्या बलद या जुन्या बाजारात, ओळखीच्यांच्या अत्तराच्या दुकानात बसून मी व्हिडिओ कॉलवर चिपळूणचा फ्लॅट बघत होते. कफीलने, म्हणजे ह्यांच्या तिथल्या हमीदाराने, ह्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवायला नकार दिला होता आणि गावी डोक्यावर छप्पर नव्हतं. फ्लॅट दाखवणारा एजंट गोड आवाजात म्हणाला, "ताई, मनातलं सांगा." मी सांगून टाकलं, "दादा, दुसरं बघायला वेळच नाही. मालक म्हणतील त्या भावाला घेऊ." तेवढ्यात कॅमेरा वळला. दारात मालक उभे होते, हसत. "तुम्ही आमच्याकडून ना?" मी कसंबसं एजंटला विचारलं. "नाही ताई, मालकांकडून. तुम्ही विचारलंच नाहीत." मालकांनी सांगितला तोच भाव मी कबूल केला. आता आम्ही त्याच फ्लॅटमध्ये राहतो, पण त्या दाराकडे पाठ करून मला अजूनही बसवत नाही.