सवत नावाची होडी
रस्त्याच्या कडेला डांबर उकळत असलं की त्या वासानं मला नेवाशाजवळचं प्रवरेचं कोरडं पात्र आठवतं. आमच्या गावचा नावाडी दिवसभर होडीवरच असायचा. त्याची बायको चिडून म्हणायची, "ही होडी न्हाई, माझी सवत हाय." या बाबानं होडीला नवं डांबर फासलं आणि वर पांढऱ्या रंगात 'सवत' असंच लिहून टाकलं. मग बहात्तर सालचा दुष्काळ आला, नदी आटली आणि होडी वाळूत कलंडून पडली. नावाडी, त्याची बायको, आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो आणि परतताना तिच्या सावलीत अंग टाकायचो. एकदा दिवस कलल्यावर गावातला हॉटेलवाला होडी सरपणाला न्यायला बैलगाडी घेऊन आला. नावाडी खाली मान घालून "न्या" म्हणाला. तशी त्याची बायको उठली आणि गाडीला आडवी उभी राहिली. "सवत हाय माझी. मी तिच्याशी भांडंन, पन तुमच्या चुलीत घालू देनार न्हाई." आम्ही हसलो, पण हसायलाही अंगात त्राण नव्हतं. हॉटेलवाला पुटपुटत रिकामी गाडी घेऊन गेला. नावाड्याची बायको पुन्हा वाळूत बसली. नावाडी तिच्याजवळ सरकला, तिचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यात रुतलेल्या खडीच्या कपच्या नखानं काढत राहिला. आता माझी बायको दिवसभराचं काम उरकून पाय पसरून बसते, तेव्हा मी तिच्याशेजारी जाऊन बसतो.