गाडीची ओटी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. पण नाही, तुम्ही हसणारच. माझी बायको अजून हसते, तर तुमचं काय घेऊन बसलात!

माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं सोयगावला. गारखेड्यातून सकाळीच निघालो. गाडी मी चालवतोय, शेजारी बायको, मागं आई. आईच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत भाचीच्या ओटीचं सगळं सामान. नारळ, खण, तांदूळ, हळद-कुंकू.

आता मला एक खोड आहे. जुनी गाडी दिसली की माझं रस्त्यावर लक्ष राहत नाही. "लांबून नुसते दिवे दाखवा, कुठली गाडी ते सांगतो," असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगतो. लोक ऐकून घेतात बिचारे.

सिल्लोड मागं टाकलं आणि बघतो तर काय! पुढं जुन्या गाड्यांची रांगच रांग! लाल, काळ्या, पिवळ्या, नुसत्या लखलखत होत्या. कुठल्या तरी हौशी मंडळींची अजिंठ्याकडं फेरी निघाली होती. मी तर वेडाच झालो. एकेकीला गाठायचं, हॉर्न वाजवायचा, हात करायचा आणि पुढं जायचं. असं करता करता मला ती दिसली. आकाशी रंगाची, गोल दिव्यांची, गुबगुबीत.

"आई!" मी ओरडलोच. "आपली गाडी!"

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. आमची एक जुनी गाडी होती, वडिलांच्या हौसेची. त्यांनी ती विकली तेव्हा आई दारात उभी राहून रडली होती, लेक सासरी निघाल्यासारखी. पुढं वडील गेले. पण गाडीचा विषय निघाला की आई अजून म्हणायची, "एकदा दिसावी रं. कुठं नांदत आसल कोण जाणं."

आई काचेला नाक लावून बघायला लागली. "आरं, आपली दुधी रंगाची व्हती. ही तर निळी हाय."

"रंग मारला असेल गं."

"नंबरबी येगळाच दिसतोय."

"नंबर बदलून घेतला असेल."

"आन् आपल्या गाडीला चार दारं व्हती, इलास. हिला दोनच हायेत की."

"मागची बंद करून घेतली असतील!"

बायको म्हणाली, "अहो, ती काय बाथरूमची खिडकी आहे का, बुजवून टाकायला?"

पण मी ऐकतोय कुठं! पुढं एका ढाब्यावर ती सगळी रांग चहाला थांबली. मीपण आमची गाडी आत घातली आणि धावत जाऊन त्या आकाशी गाडीभोवती फिरलो. आणि डाव्या मडगार्डवर सापडला की पोचा! लहानपणी माझ्या सायकलचं हँडल लागून आमच्या गाडीला अगदी तिथंच पोचा पडला होता. आता बोला!

आईला हाताला धरून आणलं. तिनं पोच्यावरून बोटं फिरवली आणि तिचे डोळे भरून आले. "व्हय रं. ह्योच त्यो. हीच आपली."

मग तिनं पिशवी उघडली. गाडीला हळद-कुंकू लावलं, बोनेटवर खण पसरला, त्यावर ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला. अहो, चक्क गाडीची ओटी भरली!

"सासरची लेक वाटंत भेटली," आई म्हणाली, "तिला मोकळ्या हातानं कशी जाऊ देऊ?"

मी त्या पोच्याला गाल लावून उभा राहिलो. चहाचे ग्लास घेऊन माणसं जमली, मोबाइल निघाले. बायको लांब जाऊन उभी राहिली, आमची तिची ओळखच नसल्यासारखी.

तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई आल्या. पायांत बूट, हातात किल्ली. "मी शैला, कोल्हापूरची. गाडी माझी आहे. काय चाललंय ओ हे?"

"ताई, ही आमची गाडी. म्हणजे आमची होती. हा पोचा मी पाडलाय!"

"हा? अहो, हा काल मीच पाडला की! हॉटेलात रिव्हर्स घेताना कुंडीवर घातली."

"पण गाडी..."

"गाडी माझ्या आजोबांची. घरातनं बाहेर कधी गेलीच नाही."

मी शेवटचा धीर केला. "मागची दारं कधी बंद करून घेतलीत?"

"कसली मागची दारं?"

सगळा ढाबा हसला. माझं काय, मला सवय आहे. पण आईचा चेहरा पार उतरला. "चुकलं बाई आमचं," म्हणत ती बोनेटवरचे तांदूळ गोळा करायला लागली. मी तिला तिची गाडी भेटवली आणि चहा निवायच्या आत काढूनही घेतली! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

शैलाताईंनी आईचे हात धरले. "राहू दे आई. भरलेली ओटी कुणी परत नेतं होय? हिला माहेरच नव्हतं बघा. आता तुमचं घर हिचं माहेर. चला, बसा पुढं."

"म्या? पुढं?"

वडिलांच्या गाडीत आई कायम मागं, डबे सांभाळत. आज ती पदर सावरून पुढं बसली. मी आपला आमच्या गाडीतून मागनं. घाटात बघतो तर खिडकीतून तिचा हात बाहेर, शैलाताईंना काहीतरी दाखवतेय! फर्दापूरला उतरली तेव्हा तिनं बोनेटवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आईला इतकं खूश मी कितीतरी वर्षांनी बघितलं. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, खरंच सांगतो. भाचीची ओटी काय, फर्दापुरातच नवा नारळ आणि खण घेऊन भरली.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण गाडीचं माहेर म्हटल्यावर गाडीला भाऊ आलाच! भाऊबीजेला सकाळी सकाळी कोल्हापूरचा फोन.

"भाऊराया, बहीण वाट बघतीया. ओवाळणीत काय घालताय? चार टायर घाला की!"

बाई थट्टा करत होत्या हो, मला कळत होतं. मीपण मोठ्यानं हसलो. पण फोन स्पीकरवर होता.

"चारच?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "आन् स्टेपनीला काय? लेकीच्या ओवाळणीत हात आखडू नको, इलास!"

शोधून शोधून पाठवले. पाचही. माझ्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेत, पण तिला कुठं भाऊ आहे!