डाव्या खांद्याची बंदूक

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, “नक्की का?” पलीकडे त्यांची मुलगी रेहाना होती, रत्नागिरीहून बोलत होती. बाप गेल्याचं सांगणाऱ्या मुलीला कोणी असं विचारतं का? पण सगळी नोकरी पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासण्यात गेली. दुसऱ्यानं “ठीक आहे” म्हटलेलं मी कधी ठीक मानलं नाही, आणि ती खोड कामावरून घरीही आली. रेहाना बिचारी रागावली नाही. म्हणाली, “काका, अब्बांच्या डायरीत तुमचा नंबर सापडला, म्हणून कळवतेय. नावापुढं त्यांनी ‘डावा डोळा’ असं लिहिलंय. त्याचा काय अर्थ?” मी म्हटलं, ठाऊक नाही. फोन ठेवला आणि मनात आलं ते हेच, की या माणसानं मरेपर्यंत मला अपशकुनी समजलं. पुरुषाचा डावा डोळा लवला की वाईट, असं माझी आई म्हणायची... आज पाच आठवडे झाले. त्या दोन शब्दांचा अर्थ मला आता कळला आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

नव्वदच्या दशकात मी मस्कतला आलो तो अल् खुवैरमधल्या एका बांधकाम कंपनीत. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे अर्बाब, लष्करातून निवृत्त झालेले ओमानी गृहस्थ. उंच, ताठ, कमी बोलणारे. मस्कतजवळच्या बरका गावी त्यांची शेती होती आणि शेतीच्या मागच्या मोकळ्या रानात दर शुक्रवारी सकाळी नेमबाजी चालायची. एक यंत्र मातीच्या चकत्या हवेत भिरकावायचं आणि पाहुणे त्या छर्‍याच्या बंदुकीनं फोडायचे. हिवाळ्यात अर्बाब दोस्तांबरोबर परदेशात तितरांच्या शिकारीलाही जात. शेती, यंत्र आणि बंदुकांच्या कपाटाची किल्ली हे सगळं इस्माईलभाईंच्या ताब्यात. रत्नागिरीकडचा माणूस, पन्नाशीचा, सडपातळ. वडिलांकडे परवान्याची एकनळी होती. आंब्याच्या बागेत रानडुकरं यायची, त्यामुळे मिसरूड फुटायच्या आधीच बंदुकीशी ओळख झालेली. अर्बाबांच्या घरात पोरांपेक्षा जास्त विश्वास इस्माईलभाईंवर. मला ते खटकायचं. इतका विश्वास कोणावर असला की पाणी कुठेतरी मुरतंय, असा माझा तेव्हाचा सिद्धान्त होता.

इस्माईलभाईंना मराठी बोलायला सोबत मिळावी म्हणून अर्बाब मला शुक्रवारी तिकडे बोलवायचे. कधीमधी माझ्याही हातात बंदूक द्यायचे. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, चकतीकडे बघायचं, चाप ओढायचा. मी ओढायचो आणि चकती सुखरूप जमिनीवर उतरायची. मी काडतुसांना दोष द्यायचो, वाऱ्याला द्यायचो, यंत्र चालवणाऱ्यावर तर माझा पक्का संशय होता. एकदा इस्माईलभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, “साहेब, तुमचा बार कायम डावीकडनं जातोय. जरा हात पुढं करा बघू. दोन्ही तळव्यांत एक भोक ठेवा, त्यातनं तो खजुरीचा शेंडा बघा, मग एक एक डोळा मिटा.” पाहुणे बघत होते. मला वाटलं, हा माझं माकड करून चारचौघांना हसवणार. “मी काही शिकारी नाही,” असं म्हणून मी बंदूक परत दिली. इस्माईलभाई नुसते हसले... ते हसणंही मला तेव्हा खोचक वाटलं होतं.

त्यानंतर दीडेक वर्षानं अर्बाबांनी नवी सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची ठरवली. त्यांची जुनी दुनळी खांद्याला फार धक्का द्यायची. सेमी-ऑटोमॅटिक बंदूक बार उडताना निघणारा गॅस वापरून स्वतःच रिकामं काडतूस बाहेर टाकते आणि पुढचं आत घेते, त्यात बराचसा धक्का जिरतो. परवाना अर्बाबांचा, सही त्यांची, निवड मात्र आम्हा दोघांची. “इंजिनियर कागद देखेगा, इस्माईल बंदूक देखेगा,” असं ते म्हणाले. मी चार बंदुकांचा तक्ता केला. वजन, नळीची लांबी, किती बार उडाल्यावर साफ करावी लागते, हलकी काडतुसं पचतात की अडकतात, सगळं. चकत्यांसाठी जड बंदूक बरी, कारण ती संथ फिरते आणि धक्का खाते. दिवसभर तितरांमागे चालायचं तर हलकी हवी. मी मधलं वजन काढून उत्तर तयार ठेवलं होतं. इस्माईलभाईंनी तक्ता कौतुकानं पाहिला, घडी करून परत दिला. “झ्याक हाय. पण साहेब, बंदूक कागदावर नाय चालत. ती खांद्यावर आपसूक बसली पायजे. डोळे मिटून खांद्याला लावायची, उघडले की नळी समोर दिसली पायजे.”

मला उंटावरचा शहाणा म्हणा हवं तर, पण दुकानात जे घडलं ते कोणाच्याही डोळ्यांत खुपलं असतं. माझ्या तक्त्यातल्या बंदुका काउंटरवर मांडलेल्या असताना इस्माईलभाई दुकानदाराशी अरबीत हळू आवाजात बोलले. दुकानदार आत गेला आणि धूळ खात पडलेला एक खोका घेऊन आला. त्यातली बंदूक चांगली होती, पण तिची रिकामी काडतुसं बाहेर पडायची खिडकी डाव्या बाजूला होती. म्हणजे डावखुऱ्यासाठी बनवलेली. अर्बाब उजव्या हाताचे, हे आमच्या ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं. “इस्माईलभाई, ही उलटी आहे,” मी म्हणालो. “हीच घेऊ या, साहेब.” एवढंच उत्तर. निघताना दुकानदारानं त्यांच्या हातात एक पुडकं दिलं आणि ते त्यांनी चटकन गाडीच्या सीटखाली सारलं. खपत नसलेला माल गळ्यात मारायचा, आणि त्याबद्दल पुडकं... माझ्या डोक्यात हिशोब पुरा झाला होता.

मी अर्बाबांना एकट्याला गाठून सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. शुक्रवारी शेतावर दोन्ही मुलगे आणि पाच-सहा पाहुणे चटईवर कॉफी पीत बसले होते. थोरल्या मुलानं खोका उघडला आणि मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, की ही बंदूक डावखुऱ्यांची आहे, दुकानात पडून होती, आणि का घेतली ते इस्माईलभाईंना विचारा. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. इस्माईलभाईंनी अर्बाबांकडे पाहिलं. अर्बाब हातातल्या कपाकडे पाहत राहिले. मग इस्माईलभाई खाली मान घालून म्हणाले, “गलती हो गया, अर्बाब. मेरे को दिखा नहीं.”

थोरला मुलगा हसला. “इस्माईल का आँख गया!” अर्बाब एवढंच म्हणाले, “खलास. वापस करो.” कपाटाची किल्ली त्या मुलानं तिथेच मागून घेतली. इस्माईलभाईंनी कमरेच्या दोरीतून ती सोडवायला बराच वेळ लावला, गाठ घट्ट बसली होती. महिन्याभरात अर्बाबांनी त्यांना दुसरीकडे नोकरी करायची मोकळीक दिली आणि ते बरक्याच्या मासळी बाजाराजवळ जाळी, गळ, दोर विकणाऱ्या दुकानात लागले. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

माझ्या तक्त्यातली बंदूक आली. अर्बाबांनी तिच्यानं तीन शुक्रवार चकत्या चुकवल्या, सगळे बार डावीकडून गेले, आणि मग पाठ दुखते म्हणून नेमबाजी बंद केली. शिकारही सुटली. पुढे काही वर्षांनी ईदला मी मस्कतच्या अझैबा भागातल्या त्यांच्या घरी गेलो होतो. धाकट्या मुलानं उजव्या बाजूनं कॉफीचा कप पुढे केला. अर्बाबांचा हात कपाच्या बाजूनं निघून गेला, हवेतच चाचपडला, मग मान वळवून त्यांनी कप शोधला. मी तपासनीस माणूस, दोष टिपायची सवय. अर्बाबांनी माझी नजर पाहिली. मुलगा आत गेल्यावर ते स्वतःच म्हणाले, “राइट आँख. बहुत साल हो गया. सिर्फ इस्माईल को मालूम था.” उजव्या डोळ्याची नजर जात चालली हे त्यांच्या चुकणाऱ्या बारांवरून इस्माईलभाईंनीच ओळखलं होतं. डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकायचं, गुपचूप, दोघंच असताना, असं त्यांचं ठरलं होतं. त्या पुडक्यात डाव्या खांद्याला गादी शिवलेलं जाकीट होतं. मुलांना कळलं असतं तर त्यांनी गाडीची आणि बंदुकीची किल्ली काढून घेतली असती, म्हणून अर्बाबांनी त्यांच्याकडून कसम घेतली होती. “उस दिन मैं बोल सकता था,” अर्बाब म्हणाले. “नहीं बोला.”

दुसऱ्याच दिवशी बरक्याला गेलो. इस्माईलभाई दोरांच्या गुंडाळ्यांत बसले होते, मला पाहून उठले, चहा मागवला. मी सुरुवात केली, “त्या बंदुकीचं...” त्यांनी बोलूच दिलं नाही. “कंची बंदूक? बांगडा बघा काय ताजा आलाय, जाताना घेऊन जावा.” मी पुन्हा म्हटलं, तुम्ही सगळ्यांसमोर ते स्वतःवर का घेतलंत? मग जरा थांबून म्हणाले, “त्यांचा मान मोठा, साहेब. मना काय, दुसरी नोकरी गावली.” थोड्या वेळानं हसत म्हणाले, “तुमी वाईट नाय. पण त्या दिवशी हात पुढं केले असते ना...” इतक्यात गिऱ्हाईक आलं, जाळ्याचं माप सुरू झालं, आणि मी पुन्हा येतो म्हणून निघालो. मेल्या मनानं घेतलेले बांगडे सीटवर होते. “माफ करा” हे दोन शब्द राहूनच गेले. मग आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता वर्ष गेलं, आणि एक दिवस कळलं की ते कायमचे गावी गेले.

रेहानाच्या फोननंतर चार दिवस तो डावा डोळा माझ्या डोक्यातून जाईना. पाचव्या दिवशी दुपारी मी अल् खुवैरच्या माझ्या खोलीत खिडकीशी उभा राहिलो. घरात कोणी नाही याची आधी खात्री केली, अर्थातच. मग दोन्ही हात पुढं केले, तळव्यांत एक भोक ठेवलं आणि त्यातून समोरच्या मशिदीच्या मिनाराचं टोक पाहिलं. डावा डोळा मिटला. मिनार नाहीसा झाला, तिथे नुसता माझा तळहात. उजवा मिटला. मिनार जागच्या जागी.

म्हणजे नेम धरणारा माझा खरा डोळा डावा. मी बंदूक उजव्या खांद्यावर धरत होतो आणि पाहत होतो डाव्या डोळ्यानं, म्हणून प्रत्येक बार डावीकडून जात होता. इस्माईलभाईंना ते मला पाहूनच कळलं होतं. मी त्या दिवशी खजुरीचा शेंडा पाहिला असता, तर उजव्या हाताच्या माणसालाही डावी बंदूक लागू शकते हे मला माझ्याच शरीरावरून कळलं असतं आणि तो खोका उघडला तेव्हा मी गप्प बसलो असतो. त्यांनी मला अपशकुनी म्हटलं नव्हतं. ज्या माणसामुळे त्यांची किल्ली गेली, त्याच्या नावापुढं त्यांनी, कधी भेट झालीच तर सांगायचं म्हणून, त्याच्या उपयोगाची गोष्ट लिहून ठेवली होती.

रेहानाला फोन करून अर्थ सांगितला. ती रडली, मीही रडलो. आता रोज दुपारी खिडकीशी हात पुढं करतो, एक एक डोळा मिटतो. डाव्या डोळ्याला मिनार दर वेळी तिथेच दिसतो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतो.