मालतीबाईंनी पकडलेली चूक

मालतीबाई उदगीरकरांची आणि माझी पहिली भेट सिकंदराबादेत तारनाक्याजवळच्या आमच्या संशोधन संस्थेत, जेवणाच्या सुट्टीत झाली. मी पुण्याहून नुकतीच रुजू झाले होते. त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "खा गं. लाजायचं नक्को." त्या 'नक्को'ला मी मनात हसले. आठवड्याभरात लक्षात आलं की याच बाई शिपायाशी तेलुगूत, ग्रंथपालांशी दखनी उर्दूत आणि संचालकांशी इंग्रजीत बोलतात, आणि तिघंही त्यांना पाहून खुर्चीतून अर्धे उठतात. माझ्यासाठी कुणी उठत नसे. माझा हेवा तिथून सुरू झाला. बाईंच्या या गौरवग्रंथात हा शब्द शोभत नाही, हे मला कळतं. पण तो वगळून बाईंविषयी खरं लिहिता येणार नाही.

आमचं काम जनुकांवरचं. प्रथिन घडवणाऱ्या जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचतात. उंदरांच्या दोन जातींतलं तेच जनुक शेजारी-शेजारी मांडलं की काही अक्षरं बदललेली दिसतात. काही बदलांनी प्रथिन बदलतं, काहींनी बदलत नाही. या दोन्हींचं प्रमाण काढलं की निसर्गाने तिथे बदल छाटला, खपवून घेतला की निवडून पुढे आणला, हे मोजता येतं. प्रमाण एकाच्या खाली असलं तर छाटलेला, वर असलं तर निवडलेला; बहुतेक ठिकाणी छाटलेलाच असतो. निवडलेला सापडणं हे भाग्य.

बाई हे मोजमाप चौकटीच्या वहीत, हाताने करत आल्या होत्या. उदारीकरणाच्या त्या वर्षांत आमच्याकडे परदेशी संगणक आले, तेव्हा चाळिशीतल्या बाईंनी नारायणगुड्याच्या एका क्लासात नाव घातलं. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी धावणाऱ्या पोरांच्या बाकावर त्या बसत. "आंटी म्हणतात मला, आणि गृहपाठ माझाच उतरवतात," त्या सांगत, तेव्हा सगळे हसत. मला हसू येत नसे. संगणक ही एकच गोष्ट मला त्यांच्यापेक्षा बरी येत होती.

पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. बाईंनी मला हॉस्टेलमधून उचलून सिकंदराबादच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये तीन आठवडे ठेवलं. त्यांची मुलं शाळेतून येताच त्यांच्या गळ्यात पडत. मी त्यांच्याच हातची पेज पीत ते बघे, आणि मला तेही सलत असे.

दुसऱ्या वर्षी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत वर्षभर काम करण्यासाठी एक जागा आली. अर्ज दोनच, त्यांचा आणि माझा. निर्णय शनिवारच्या व्याख्यानांवर होणार होता. माझ्याकडे तर भाग्यच होतं: एका जनुकात निवडलेला बदल, प्रमाण एकाच्या खूप वर. गुरुवारी संध्याकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या, छापील कागद उचलला आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"टीसीए, जीएटी, टीएए. अगं, हा तर थांबा. प्रथिन इथंच संपलं की! पुढचं कुणासाठी मोजलंस?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे, मॅडम."

"प्रोग्रॅम असंल बरोबर. तू पहिलं अक्षर बघ."

छापून आलेल्या शोधनिबंधावरून जनुक टाइप करताना दोन्ही जातींच्या ओळींचं पहिलं अक्षर मी गाळलं होतं. सगळे गट एका घराने सरकले होते, त्यामुळे प्रथिन न बदलणारे बदलही बदलणारे म्हणून मोजले गेले. वाटेतले थांबे माझ्या प्रोग्रॅमने मुकाट्याने वगळले होते. अक्षर घातलं आणि प्रमाण एकाच्या कितीतरी खाली आलं. जनुक अगदी साधं निघालं.

बाई गप्प राहिल्या असत्या, तर शनिवारी भर सभेत कुणीतरी तो थांबा दाखवला असता आणि जागा आपोआप त्यांची झाली असती. मी साधे आभारही मानले नाहीत.

शनिवारी मी आधी चुकीचं प्रमाण दाखवलं, मग बरोबर, आणि म्हणाले, "पडताळणी करताना ही चूक माझ्या लक्षात आली." संचालक खूश झाले. "स्वतःची चूक स्वतः पकडणारी माणसं कमी असतात," असं ते सर्वांसमोर म्हणाले. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटून घेतली. जागा मला मिळाली. माझी पुढची सगळी वाटचाल त्या वर्षावर उभी आहे. ती चूक मालतीबाईंनी पकडली होती, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बाईंच्या साठीनिमित्त या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी त्यांना फोन केला.

"मॅडम, त्या शनिवारचं लिहू का?"

"लिही की. घडलंय ते."

"तुम्ही तेव्हा किती शांत होतात. मला तुमचा सगळ्यात जास्त हेवा त्या शांतपणाचा वाटत आला."

"कसला शांतपणा गं?" बाईंचा आवाज चढला. "वर्षभर तुझं नाव निघालं की मी खोलीतनं उठून जायची. मला जायचं नव्हतं काय तिकडं? मी काय संत आहे?"

इतकी वर्षं मी ज्याचा हेवा केला, ते त्यांच्याकडे नव्हतंच. होता तो राग, आणि तो त्यांनी मला कधी दिसू दिला नाही.

"मला माफ करा, मॅडम."



"बघते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मालतीबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ते 'बघते' निवांत बघून व्हायला जितकी वर्षं लागतील, तितकी सगळी त्यांना मिळोत. मला घाई नाही.